दहा मीटर एअर रायफलचे छर्रे: देशी डबा, जर्मन डबा आणि चेपलेले स्कर्ट

रायफलीबद्दल काही लिहीत नाही, त्यावर हवं तेवढं वाचायला मिळतं. विषय फक्त छर्र्यांचा. मुलगी दहा मीटर खेळते, पैसे मी भरतो, तेव्हा निम्मं मत माझंही.

लिहायला बसवलं ते एका ऑनलाइन विक्रेत्याने. त्याच्याकडून सांगलीच्या पत्त्यावर मागवलेला डबा उघडला तर वरच्या थरातले बरेच छर्रे चेपलेले. छर्र्याला पुढे सपाट डोकं, मध्ये बारीक कंबर आणि मागे पातळ पोकळ घेर असतो, ज्याला रेंजवर सगळे स्कर्टच म्हणतात. मागून हवा आली की हा घेर फुगून नळीतल्या पिळांना घट्ट बसतो. तो एका बाजूने चेपलेला असला की तिथून हवा निसटते आणि नऊ छर्रे एका भोकात, दहावा भलतीकडेच. मुलीला वाटतं आपलाच हात हलला. ती तासभर ट्रिगरवर डोकं आपटत बसते आणि दोष असतो डब्यात.

तक्रार केली तर विक्रेत्याला 'खराब मालाचा स्पष्ट फोटो' हवा. ज्वारीच्या दाण्याएवढी वस्तू, वजन ०.५३ ग्रॅम, त्यातला एका बाजूचा पोचा मोबाइलच्या कॅमेऱ्यात दिसणार कसा? तरी भिंग लावून काढला आणि पाठवला. उत्तर आलं, डबा उघडला असल्याने माल परत होणार नाही. न उघडता आतला पोचा ओळखायचा म्हणजे डबा मिरजेला नेऊन त्याचा एक्स-रे काढायला हवा होता.

आता हिशेब. मॅच ६० शॉट्सची, वेळ ७५ मिनिटं. डब्यात ५००. म्हणजे कागदावर आठ मॅच, आधीचे साइटर, म्हणजे नेम जुळवायचे शॉट्स, धरले तर त्याहून कमी, आणि रोजचा सराव धरला तर डबा आठवडाभरही पुरत नाही. जर्मन मॅच छर्रे देशीच्या कितीतरी पट महाग. त्यामुळे सुरुवातीपासून माझं धोरण साधं होतं: सरावाला देशी, मॅचला जर्मन. मुलीला शिकवणाऱ्या सरांना ते पटलं नाही. मी मात्र त्यावर बरेच महिने ठाम राहिलो, आणि पूर्ण सोडलेलं अजूनही नाही.

मुलीशी भांडण झालं ते कार्डावरच्या भोकावरून. दहा गुणांचा ठिपका जेमतेम अर्धा मिलिमीटर, छर्रा साडेचारचा. भोकाची कड रेघेला लागली की वरचा गुण. मोठ्या स्पर्धेत हे इलेक्ट्रॉनिक टार्गेट ठरवतं, दशांशात, १०.९ पर्यंत. आमच्या माडीवर मात्र कागदी कार्ड, भिंग आणि आम्ही दोघं. सपाट डोक्याचा छर्रा कागद कापतो, पंचिंग मशीनसारखं गोल भोक पडतं. गोल किंवा टोकदार डोक्याचा कागद ढकलत जातो, तंतू मागे पुन्हा मिटतात आणि कड कुठे होती ते शोधत बसा. देशी डब्यातल्या सपाट छर्र्यांचीही कड उन्हाळ्यापासूनच जरा केसाळ येत होती. 'पप्पा, लागलंय' आणि 'नाही लागलेलं' यावर जेवणं थंड झालीत.

याच भोकावरून मेव्हण्याशीही बोलणं झालं. तो जतकडचा, कोंबड्या पाळतो. म्हणाला, "दाजी, ह्यानं कोल्हा पडंल का? कातडं खराब न होता?" त्याला आधी कायदा सांगितला: १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला बंदी आहे, तेव्हा खुराड्याला जाळी मार. दुसरं म्हणजे आमच्या छर्र्याचा जोर साडेसात-आठ जूलच्या आसपास. त्याने कोल्हा मरणार नाही, नुसता जखमी होऊन तडफडेल. पण त्याचा प्रश्न अगदीच अडाणी नव्हता. अमेरिका-कॅनडात कातड्यासाठी कोयोटी (कोल्ह्यासारखं तिकडचं जनावर) मारणारे लोक याच एका भोकावर आयुष्यभर वाद घालतात. काहींना हलकी, अतिवेगवान, पातळ कवचाची गोळी हवी असते. ती आत शिरून तिथेच फुटते आणि पलीकडे भोकच पडत नाही. पण खांद्याच्या हाडावर बसली की वरच्यावरच फुटते आणि कातडं वाया जातं. दुसरे पूर्ण कवचाची गोळी घेतात. ती बारीक भोक पाडून आरपार जाते, मग जनावर कधी कधी लांब पळतं आणि सापडत नाही. त्यांना भोक दिसायला नको असतं, आम्हाला ते कडेसकट दिसायला हवं. मेव्हण्याने हे सगळं ऐकलं आणि जाळीचा भाव विचारला.

आणखी एक. स्वप्नील कुसाळेला २०२४ मध्ये पॅरिसला ब्राँझ मिळाल्यापासून लग्नात भेटेल तो विचारतो, 'तुमची पण तसलीच रायफल का?' नाही हो. त्याची पन्नास मीटर, पॉइंट टू-टूची गोळी, लायसन्सचा मामला. आमची हवेवरची.

पावसाळ्यात माझं मत थोडं हललं. जुलैत हवा इतकी ओली की कार्ड हातात मऊ लागायचं. त्या दिवसांत मुलीने जर्मन छर्रे वापरले आणि त्यांचीही कड तशीच फाटकी आली. मग कार्डांचा गठ्ठा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवला. कोरड्या कार्डावर देशी छर्र्याचं भोकही बऱ्यापैकी गोल पडलं. तेव्हा कडेची तक्रार निम्मी मागे घेतो. स्कर्टची नाही. तिथे देशी माल सरळसरळ कमी पडतो. प्रत्येक वेळी डबा जुन्या वर्तमानपत्रावर ओतायचा, चेपलेले वेगळे काढायचे, उरलेले पुन्हा भरायचे. हे काम माझ्याकडे आहे. त्यानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय घरात कशालाही हात लावू देत नाहीत. शिसंच ते, त्यामुळे हे बरोबरच आहे.

छर्र्याच्या डोक्याच्या मापाचं आधी मला थोतांड वाटायचं. ४.४९, ४.५०, ४.५१: मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचे कोण पैसे मोजणार? सरांनी रायफल व्हाइसमध्ये, म्हणजे शिकंज्यात, आवळली आणि तिन्ही मापांचे पाच-पाच मारून दाखवले. ४.५० चं एकच भोक. ४.४९ चं पसरट. ही आमच्या नळीची आवड, तुमच्या नळीची वेगळी असेल. शिवाय एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या दोन बॅचही सारख्या निघत नाहीत. म्हणून महाग डबा घेण्याआधी थोडेसे मागून व्हाइसवर तपासावेत. दुकानदार कुरकुरतो, कुरकुरू द्या.

सध्या घरी जर्मन ४.५०, बॅच नंबर झाकणावर मार्करने लिहिलेला, फक्त मॅचसाठी आणि मॅचआधीच्या आठवड्यासाठी. बाकी दिवस निवडलेले देशी. त्या विक्रेत्याकडून पुन्हा काही घेणार नाही. त्याचा चेपलेला माल निव्वळ उभं राहण्याच्या सरावात, गुण न लिहिता संपवतोय. गावातल्या दुकानदाराला याच बॅचचे आणखी डबे बाजूला ठेवायला सांगितलंय. तो म्हणतो, आधी पैसे भरा. मी म्हणतोय, आधी झाकण उघडून दाखव.