व्होल्टेज कमी येतंय? आधी पीझेम मीटर लावून बघा

लाईट डीम झाली की आपल्याकडे सगळे आधी डीपीला नावं ठेवतात, पण दोष बाहेरच्या लाईनचा की घरातल्या वायरिंगचा हे कळायला मीटरच पाहिजे. हजाराच्या आतबाहेर मिळणारं पीझेम-००४टी व्ही३ हे छोटं मीटर मॉड्यूल मला त्यासाठी प्रचंड आवडलंय. व्होल्टेज, अँपिअर, वॅट, युनिट, फ्रिक्वेन्सी, पॉवर फॅक्टर सगळं देतं, १०० अँपिअरची सीटी (वायरभोवती घालायची, करंट मोजणारी कडी) येते आणि ईएसपी३२ या वायफायवाल्या छोट्या कंट्रोलर बोर्डाला जोडलं की मोबाईलवर ग्राफ.

खरी मजा गिझरच्या टेस्टमध्ये आहे. गिझर बंद असताना २२८ व्होल्ट, चालू केला की २१७, करंट ८.२. म्हणजे ११ व्होल्ट मधेच कुठेतरी खाल्ले जातायत, ११ गुणिले ८.२ केलं तर ९० वॅटची नुसती उष्णता! वायरमनने मेन स्विच उघडला तर न्यूट्रलचा स्क्रू ढिला आणि वायरचं टोक काळं पडलेलं, टोक कापून नीट आवळल्यावर गिझर चालू असतानाही २२५. याउलट संध्याकाळी घरातलं सगळं बंद करूनही २०४ च दिसत असेल तर ते बाहेरचं, मग ग्राफ घेऊन तक्रार करा. १९५६ च्या वीज नियमांत घरगुती पुरवठ्याला (नियमांच्या भाषेत 'लो व्होल्टेज') ६ टक्केच वरखाली चालायचं, २३० ला धरलं तर खाली २१६.

पॉवर फॅक्टर (घेतलेल्या करंटपैकी खऱ्या कामाला किती लागतो त्याचं प्रमाण) बघताना एक लक्षात ठेवा, स्वस्तातल्या एलईडी बल्बला ०.५५ वगैरे दिसतो तो मोटरसारखा करंट व्होल्टेजच्या मागे पडल्यामुळे नाही, करंटचा आकारच बिघडलेला असतो म्हणून, तिथे कपॅसिटर लावून काही होत नाही. हा फरक पीझेम सांगत नाही कारण हार्मोनिक्स (करंटचा आकार बिघडवणाऱ्या जास्त फ्रिक्वेन्सीच्या लहरी) ते दाखवतच नाही. रीडिंगही साधारण सेकंदाला एक, त्यामुळे क्षणभराचा झटका निसटतो. फॅक्टरीत ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारे कंट्रोलर) ट्रिप होत असतील तर आयईसी ६१०००-४-३० क्लास ए (वीज गुणवत्ता मोजण्याच्या मानकातला सर्वात अचूक वर्ग) वाला अ‍ॅनालायझर भाड्याने आणा, हे तिथे पुरणार नाही.

सीटी फक्त फेजच्या वायरवर घाला, फेज न्यूट्रल दोन्ही आत गेले तर शून्य दाखवेल. आणि पीझेमच्या बोर्डावर २३० व्होल्ट उघडेच असतात, प्लास्टिकच्या डब्यात बंद केल्याशिवाय अजिबात चालू करू नका, जोडणी वायरमनकडूनच करून घ्या. घरासाठी माझ्याकडून ५ पैकी ४.