चुन्याची गच्ची आणि बीएलडीसी पंखे : एक पूर्ण उन्हाळा काढल्यावर

हिंगणघाटकडच्या खेड्यात आमचं स्लॅबचं घर आहे, वर माळा नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढं गेला की स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री बारापर्यंत ती धग खाली सोडत राहतो. त्यामुळं पंखा कोणताही लावा, वारा गरमच. म्हणून नव्या बीएलडीसी पंख्यांबरोबर (बिनब्रशच्या मोटरचे, कमी वीज खाणारे) मार्चमध्येच गच्चीला चुना मारून घेतला.

कळीचा चुना पिंपात रात्रभर विरवला, कापडातून गाळला, त्यात फेविकॉल टाकून दोन हात दिले. चुना विरताना पाणी अक्षरशः उकळतं, पोरांना जवळ येऊ देऊ नका. गच्ची आधी घासून धुवावी लागते, नाहीतर पोपडे सुटतात. खर्च तयार कुलरूफ पेंटच्या मानानं किरकोळ. फरक मात्र हाताला कळतो: दुपारी तीनला छताला आतून हात लावला तर आधी चटका बसायचा, आता कोमट लागतं. रात्री कुलर लवकर बंद करता येतो. पाऊस पडला की चुना धुपतो, म्हणजे दरवर्षीचं काम. आणि मायची तक्रार वेगळीच: "पापडाले चुना लागते, मुंगवड्या कुठी वाळू घालू?" तेव्हा एक कोपरा तिच्यासाठी कोराच ठेवला आहे.

आता पंखे. जुना साधा पंखा ७५ वॅटच्या आसपास खातो, हा बीएलडीसी पूर्ण वेगावर ३० च्या आसपास. दिवसाला वीस तास चालला तर दीड युनिटाच्या जागी ०.६ युनिट, म्हणजे एका पंख्यामागं महिन्याला सत्तावीस युनिट वाचतात. शंभर युनिटच्या पुढं दर दुपटीच्या घरात जातो, त्यामुळं वाचलेले युनिट महागातलेच असतात.

पण राजेहो, बिलापेक्षा मला व्होल्टेजचं जास्त कौतुक. संध्याकाळी गावातले मोटारपंप सुरू झाले की जुना पंखा नुसता पाती मोजत बसायचा. हा खोक्यावर १४० ते २८५ व्होल्ट लिहिल्याप्रमाणं तेवढ्याच वेगानं फिरतो. लाईन गेली तर इन्व्हर्टरवर दोन पंखे मिळून ६० वॅट, आधी दीडशे लागायचे. तीच बॅटरी आता पहाटेपर्यंत पुरते.

वैतागही सांगतो. जूनच्या पहिल्या वादळात वीज कडाडली आणि एका पंख्याचं सर्किट गेलं. वॉरंटी होती, पण सर्व्हिसवाला खेड्यात यायला तयार नाही, पंखा उतरवून शहरात न्यावा लागला, परत मिळायला बरेच दिवस गेले. साध्या पंख्याचं कॅपॅसिटर आमचा लाईनवाला बसल्या जागी बदलतो, इथं तसं नाही. ढग आले की आता बोर्डाचं बटन बंद करतो. रिमोट हा दुसरा ताप: आजोबांच्या गोधडीत हरवतो, आणि तालुक्यात सुटा मिळत नाही. जुना रेग्युलेटर मात्र काढूनच टाका, त्यावर हा पंखा चालवू नये.

सोलरचं विचारणाऱ्यांसाठी: पीएम सूर्यघरमध्ये (घराच्या छतावरच्या सोलरसाठी केंद्राची योजना) १ किलोवॅटला ३०,००० आणि २ किलोवॅटला ६०,००० रुपये अनुदान आहे. आधी पंखे बदलून एका मे महिन्याचं बिल बघा, मग किती किलोवॅट ते ठरवा. आमचं २ वरून १ वर आलं आहे.