खांद्याला पेलेल असा लॅपटॉप निवडताना

पाच वर्षे १५.६ इंचांचा, सव्वादोन किलोंचा लॅपटॉप वागवल्यानंतर मी नवा घ्यायचे ठरवले, तेव्हा माझी अट एकच होती, ती म्हणजे तो रोज सोबत नेता आला पाहिजे. जुन्या लॅपटॉपचा वेग बराच काळ कामापुरता होता. मात्र जड चार्जरसकट तो उचलायचा म्हटले की कंटाळा येई आणि हळूहळू तो टेबलावरच राहू लागला. या खेपेस मी तीन लॅपटॉप काही दिवस वापरून पाहिले: अ‍ॅपलचा एम४ चिप असलेला १३ इंची मॅकबुक एअर, लेनोव्होचा १४ इंची थिंकपॅड एक्स१ कार्बन आणि फ्रेमवर्क कंपनीचा लॅपटॉप १३. तिघेही हलके आहेत, पण हलकेपणासाठी प्रत्येकाने सोडून दिलेली गोष्ट वेगळी आहे.

लॅपटॉपचा आकार म्हणून जो आकडा सांगितला जातो तो स्क्रीनच्या कर्णाचा असतो आणि पहिली गफलत तिथेच होते. १६:९ प्रमाणाच्या (रुंदीस उंची) १५.६ इंची स्क्रीनची उंची सुमारे १९.४ सेंटिमीटर भरते, तर १६:१० प्रमाणाच्या १४ इंची स्क्रीनची सुमारे १८.८, म्हणजे उंचीत जेमतेम सहा मिलिमीटर जातात, पण रुंदी मात्र चार सेंटिमीटरांहून अधिक कमी होते. ज्याचे काम मुख्यतः लिहिणे-वाचणे आहे त्याला रुंदीपेक्षा उंचीच अधिक उपयोगी पडते, म्हणून १४ इंचांवर येताना आपण फार काही गमावले असे मला वाटले नाही. फ्रेमवर्कची १३.५ इंची स्क्रीन तर ३:२ प्रमाणाची असल्याने एका वेळी अधिक ओळी दिसतात. दोन खिडक्या शेजारी-शेजारी उघडून तास न् तास आकडेमोड करणाऱ्यांनी मात्र हा हिशेब माझ्यासारखा मांडू नये.

वजनाचे गणित गेल्या काही वर्षांत बरेच बदलले आहे. २००८ साली पहिला मॅकबुक एअर आला तेव्हा त्याचे १.३६ किलो वजन हा कौतुकाचा विषय होता. आज १३ इंची एअर १.२४ किलोंचा आहे, फ्रेमवर्क सुमारे १.३ किलोंचा आणि एक्स१ कार्बन त्याहून मोठ्या स्क्रीनसह सुमारे १.१ किलोंचा. एलजीच्या ग्रॅम मालिकेत तर १७ इंची लॅपटॉपही दीड किलोच्या आत बसवलेला आहे, तेव्हा मोठा म्हणजे जडच असे आता म्हणता येत नाही. तरीही विमानातल्या किंवा रेल्वेतल्या अरुंद फळीवर १७ इंची लॅपटॉप उघडता येत नाही, ही अडचण वजन कितीही घटवले तरी उरतेच.

पिशवीचे वजन करायचे तर ते चार्जरसह करावे. यूएसबी-सीवरून चार्ज होणारा लॅपटॉप घेतला की फोन आणि लॅपटॉप यांना मिळून एकच लहान चार्जर पुरतो. या वर्गातल्या लॅपटॉपना ३० ते ६५ वॅट पुरेसे होतात. विमानप्रवासात १०० वॅट-तासांपर्यंत क्षमतेची बॅटरी सहसा विनापरवानगी जवळ ठेवता येते आणि हे तिन्ही लॅपटॉप त्या मर्यादेच्या पुष्कळ आत आहेत. जाहिरातीतले बॅटरीचे तास बहुधा स्क्रीनचा उजेड कमी ठेवून चित्रफीत चालवून मोजलेले असतात, त्यामुळे त्यांतून काही तास वजा धरलेले बरे.

सोयींची यादी पाहताना मी एकच प्रश्न विचारत गेलो: ही गोष्ट नंतर बदलता येईल का? स्क्रीन, कीबोर्ड आणि वजन ही बहुतेक लॅपटॉपांत कायमची. रॅमचेही, म्हणजे चालू कामाच्या तात्पुरत्या स्मृतीचेही, पातळ लॅपटॉपांत तसेच झाले आहे, कारण ती मदरबोर्डवर (मुख्य सर्किट बोर्डवर) सोल्डर करून कायमची जोडलेली असते आणि खरेदीच्या दिवशी जेवढी घेतली तेवढ्यावरच शेवटपर्यंत भागवावे लागते. माझा जुना लॅपटॉप ८ गिगाबाइट रॅमवर अडला, तेव्हा दुरुस्ती करणाऱ्याने तळ उघडून दाखवला. आत वाढवायला जागाच नव्हती. विंडोज ११ ची किमान अट कागदावर ४ गिगाबाइटची असली तरी सुरू होणे आणि वापरता येणे यांत फार अंतर आहे. आज १६ गिगाबाइटच्या खाली जाऊ नये असे माझे मत आहे, आणि रॅम वाढवता येत नसेल तर २४ किंवा ३२ चा विचार करावा.

या कसोटीवर एअर सर्वांत कडक ठरतो, कारण त्यात रॅमही बदलत नाही आणि साठवणही वाढत नाही. त्याच्या बदल्यात पंखा नसल्याने पूर्ण शांतता मिळते. मात्र लांबलचक जड काम दिले की उष्णता आवरण्यासाठी तो आपला वेग उतरवतो. त्याची स्क्रीन ५०० निट्सपर्यंत (निट हे उजेडाचे माप) उजळते, त्यामुळे खिडकीशेजारी बसून काम करताना डोळे बारीक करावे लागत नाहीत. एक्स१ कार्बनमध्ये रॅम कायमची, पण एसएसडी, म्हणजे फाइली साठवणारा वेगवान भाग, बदलता येते. बाहेरचा पडदा जोडायचे एचडीएमआय आणि जुन्या धाटणीचे यूएसबी पोर्ट अंगचेच असल्याने वेगळा अ‍ॅडॅप्टर बाळगावा लागत नाही. त्याच्या कीबोर्डवर लिहिताना मला जी लय सापडली ती एअरच्या उथळ कळांवर सापडली नाही. फ्रेमवर्कमध्ये रॅम, एसएसडी, बॅटरी, एवढेच काय स्क्रीनसुद्धा स्वतः बदलता येते आणि चार पोर्ट कोणते हवेत हेही आपणच ठरवतो. फक्त तो मोजक्याच देशांत विकला जातो, तेव्हा आपल्याकडे तो आणि त्याचे सुटे भाग मिळतात का, हे आधी पाहावे लागते.

किंमत वाढते ती प्रामुख्याने दोन ठिकाणी. पहिले म्हणजे वजनातून शेवटचे दोनशे ग्रॅम घटवणे. एक्स१ कार्बनची बरीचशी किंमत त्यापायी मोजावी लागते आणि रोज दोन-दोन तास पायी फिरणाऱ्यालाच ती परवडली असे म्हणता येईल. दुसरे म्हणजे कारखान्यातून वाढवून घेतलेली रॅम आणि साठवण, ज्यांचा दर बाजारातल्या सुट्या भागांपेक्षा सहसा चढा असतो. अगदी स्वस्त हलक्या लॅपटॉपांत एसएसडीऐवजी ईएमएमसी साठवण असते. ती संथ असून बहुधा बोर्डवरच जोडलेली असते, म्हणून तिथे वाचवलेले पैसे पुढे महागात पडतात.

शेवटी मी फ्रेमवर्क घेतला, १६ गिगाबाइट रॅमची एकच पट्टी टाकून आणि दुसरी खाच रिकामी ठेवून. दोन पट्ट्या असल्या तर ग्राफिक्स थोडे अधिक वेगाने चालते हे मला माहीत होते, पण माझ्या कामात त्याने फरक पडत नाही. पेटीसोबत आलेला स्क्रूड्रायव्हर मी जपून ठेवला आहे. दुसरी पट्टी लागेल तेव्हा तोच उपयोगी येईल.