बोनट नवं, आतलं मशीन जुनं : आठ महिने, ४२० तासांनंतर

नव्या ट्रॅक्टरचा मीटर ४२० तासांवर गेला, म्हटलं आता लिहायला हरकत नाही. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण हे डिझाइन आता एका कंपनीचं राहिलेलंच नाही. मॅसी फर्ग्युसन ३५ आणि १३५ चा सांगाडा, तीन सिलिंडरचं पर्किन्सच्या वळणाचं अडीच लिटरचं इंजिन, आणि हेच मशीन लायसन्सवर भारत, पाकिस्तान, इराण, तेव्हाचं युगोस्लाव्हिया अशा कितीतरी ठिकाणी बनलं. वरचं बोनट आणि लाइटं तेवढी आजची. खाली वाकून बघितलं की कळतं.

पहिल्याच आठवड्यात मी घाबरलो होतो. वळणावर नांगर उचलायचा तर मी क्लच खालपर्यंत दाबून धरायचो आणि लिफ्ट अर्ध्यातच थांबायची, वाटलं नवाकोरा पंप गेला. मिस्त्री हसला. लिफ्टचा पंप मागच्या हाउसिंगमधे तेलात बुडलेला असतो आणि पीटीओच्या, म्हणजे रोटावेटरसारखी अवजारं फिरवणाऱ्या शाफ्टवर चालतो, क्लच डबल आहे, अर्धा दाबला की चाकं थांबतात, पूर्ण दाबला की पीटीओ आणि लिफ्ट दोन्ही. म्हणजे पायाची सवय बदलायची, बाकी काही नाही. हॅरी फर्ग्युसनच्या १९४६ च्या टीई२० ट्रॅक्टरची लिफ्टसुद्धा याच जातीची. टॉप लिंकच्या, म्हणजे नांगराला वरून धरणाऱ्या दांड्याच्या स्प्रिंगवर जोर आला की नांगर आपोआप जरा वर येतो, कडक जमिनीत हे फार उपयोगी, इंजिन दबत नाही. गिअर आठ पुढे दोन मागे, पण थांबूनच बदलायचे, चालत्यात घातला तर असा आवाज येतो की दात शिवशिवतात.

आता पार्टचं. घरी याच घराण्यातला जुना ट्रॅक्टर आहे म्हणून तर हा घेतला. डिझेल फिल्टरचं ते २९६ नंबरचं कार्ट्रिज दोन्हीकडे चालतं, जुन्या नांगराच्या २२ एमएमच्या पिनाही खट्कन बसल्या. एवढ्यावर मी खूश होऊन जुन्याची क्लच प्लेट नव्याच्या नंबरवर मागवली. बाहेरून माप तंतोतंत, मधले दाते मोजले तर वेगळे! गिअरबॉक्स सोडवून ठेवलेला आणि मी प्लेट हातात धरून बसलोय.

त्याहून वाईट म्हणजे बोल्ट. जुन्याचे आटे इंचाचे, नव्यात बरेचसे एमएमचे. जुन्याच्या वॉटर पंपाला अडीच सुती बोल्ट लागतो (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), म्हणजे ७.९४ एमएम, इंचात १८ आटे. दुकानदाराने ८ एमएमचा दिला, म्हणे सगळं सेमच. दोन-तीन आटे हाताने गेला, मग अडला, आणि मी शहाणा, पाना लावून ओढला. ब्लॉकमधले आटे गेले, हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारं तारेचं वेटोळं बसवावं लागलं, दोन दिवस मोडले. तेव्हापासून जुना पार्ट पिशवीत टाकूनच दुकानात जातो, आणि स्टिकर सोडून लोखंडावर ओतलेला नंबर वाचतो, तो जरी घासलेला असला तरी.

डिझेल, ताकद याची तक्रार नाही, रोटावेटरवर आरामात चालतो. सीट मात्र अगदीच फळी आहे, तासाभरात कंबर धरते. जुन्याची स्प्रिंगवाली काढून लावून बघितली. अख्ख्या ट्रॅक्टरात नवीन डिझाइन केलेली बहुतेक ही एकच वस्तू असणार, चारपैकी एकही भोक जुळलं नाही.