ओखा मढी बीच: बघायला झकास, पोहायला नाही

समुद्र म्हटलं की आम्ही बडोद्याची मंडळी एकतर दमणला पळतो नाहीतर दीवला, आणि द्वारकेला गेलो की दर्शन, थाळी, परतीची गाडी, संपलं. खरं तर ओखामंडळ, म्हणजे द्वारका-ओख्याचा हा सगळा भाग, जुना गायकवाडी मुलूख, ओखा बंदरसुद्धा सयाजीराव महाराजांच्याच काळात १९२६ ला सुरू झालं, म्हणजे हिशोबाने तो समुद्र आपलाच की! ह्या वेळी सासू-सासरे, मुलं सगळ्यांना घेऊन द्वारकेत मुक्काम ठोकला, आणि ओखा मढी बीचचा हा रिव्ह्यू मुद्दाम लिहितेय कारण ज्याला विचारावं तो शिवराजपूरचा बीचच सांगतो.

शिवराजपूर वाईट नाहीये हं. २०२० मध्ये ब्लू फ्लॅग (स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्यांना मिळणारं आंतरराष्ट्रीय मानांकन) मिळालाय, पाणी निळंशार, चेंजिंग रूम, स्कूबा-बिबा सगळं आहे, लहान मुलांना भिजायचं असेल तर तिथेच न्या. पण दिवाळीच्या सुट्टीत गेलात तर इतकी गर्दी, की त्यापेक्षा आमच्या बडोद्याची रविवारची कमाटीबाग बरी.

मढीला जायला द्वारकेहून पोरबंदर रोडला लागायचं, गाडीने साधारण अर्धा तास. नावात ओखा असलं तरी ओखा गाव बरोब्बर उलट्या दिशेला आहे, त्यामुळे रिक्षावाल्याला नुसतं ओखा म्हणू नका, मढी म्हणा. वाटेत पवनचक्क्या दिसायला लागतात, मग गाव, आणि मग एकदम मोकळा किनारा. ना उंटवाला, ना घोडागाडी, ना फुगे. जिथवर नजर जाईल तिथवर वाळू आणि वारा असा की सासूबाईंनी पदर कमरेला खोचला तो गाडीत बसेपर्यंत सोडला नाही. ओहोटी होती, ओल्या वाळूवर छोट्या खेकड्यांनी मोहरीएवढ्या गोळ्या करून बिळाभोवती पसरून ठेवल्या होत्या, एकेक बीळ म्हणजे रांगोळीच, माझा मुलगा तिथेच पालथा पडून बघत बसला, मोबाईल मागायचं विसरला (हाच माझा अर्धा स्टार). सासरे म्हणाले, "अगं, इतकी वर्षं द्वारकेला येतोय, हे कुणी दाखवलंच नाही."

पण पाण्यात उतरायचं नाही. समोर उघडा अरबी समुद्र आहे, लाटा पायाखालची वाळू ओढून नेतात, आणि आम्ही गेलो तेव्हा लाइफगार्ड औषधालासुद्धा नव्हता. घोट्यापर्यंत पाय भिजवा, बस. पावसाळ्यात तर जाऊच नका, नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट. इथे वनखात्याची कासवांची हॅचरी पण आहे, किनाऱ्यावरची अंडी गोळा करून जपतात आणि पिल्लं बाहेर आली की समुद्रात सोडतात, म्हणून वेफरची पाकिटं वाळूत टाकून येऊ नका प्लीज, आणि अंधार पडल्यावर टॉर्च मारत फिरू नका. खाण्यापिण्याचं विशेष काही नाही, आम्ही बडोद्याहून लीलो चेवडो (तिथला ओलसर चिवडा) नेला होता त्याने तारलं, पाणी मात्र भरपूर न्या.

बाकीचं थोडक्यात. द्वारकाधीशाचं मंदिर दुपारी एक ते पाच बंद असतं, तोच वेळ बीचला किंवा बेट द्वारकेला वापरा. गोमती घाटाकडून ५६ पायऱ्या चढून स्वर्गद्वाराने आत जा आणि शिखरावरची बावन्न गजी ध्वजा बदलताना बघायला मिळाली तर सोडू नका, मान दुखेपर्यंत वर बघितलं आम्ही. रुक्मिणी मंदिरात पाण्याचं दान करतात, दुर्वासांच्या शापाने इथलं पाणी खारट झालं अशी कथा आहे, हॉटेलच्या नळाला तोंड धुतलं की लगेच पटते. बेट द्वारकेला आता बोटीची धक्काबुक्की नाही, फेब्रुवारी २०२४ मध्ये सुदर्शन सेतू झाला, सव्वादोन किलोमीटरच्या वर लांब, कडेच्या फूटपाथवर गीतेचे श्लोक लावलेत. गाडी भुर्रकन जाते त्यापेक्षा सासूबाईंना थोडं चालवत नेलं तर फार खूश झाल्या. मुलं मात्र बोट नाही म्हणून रुसली, आणि खरं सांगू, बोटीवर सीगलना दाणे टाकायची मजा मीही मिस केली. नागेश्वर आणि गोपी तलाव बेटाच्या रस्त्यालाच जमून जातात.

हॉटेलचं म्हणाल तर मंदिराजवळच्या एका ठिकाणी सी व्ह्यू म्हणून ज्यादा पैसे घेतले आणि खिडकी उघडली तर शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाक्या. आधी रूम बघा, मग पैसे द्या. जेवायला काठियावाडी थाळीच घ्या, बाजरीचा रोटला, रिंगणनो ओळो (वांग्याचं भरीत), वर गूळ-तूप, पंजाबीच्या नादी लागू नका.

सौराष्ट्र मेल बडोद्याला मध्यरात्रीनंतर येते, झोपेचं खोबरं होतं पण दुपारपर्यंत द्वारका. तिथून मढीला जाताना रिक्षा जाऊन-येऊन ठरवा आणि थांबायला सांगा, कारण सूर्यास्त बघून निघालात तर परतायला तिथे काही मिळेल अशी आशा ठेवू नका. मढीला माझे साडेचार स्टार, टॉयलेट शोधत फिरावं लागलं त्याचा अर्धा कापलाय.