पावतीवर १४०, गाडीत ९०

इंग्लंडात जुनी बीएमडब्ल्यू एम थ्री बाळगणारी मराठी मंडळी फार नसतील. पण मागच्या चाकांवर चालणारी आणि लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (एक चाक घसरलं तरी ताकद वाया जाऊ न देणारा, मागच्या चाकांमधला गियरांचा डबा) असलेली कुठलीही गाडी ज्यांच्या दारात आहे, त्यांनी हे वाचून ठेवा. गॅरेजनं माझ्या गाडीच्या डिफरन्शियलमध्ये भलतंच स्वस्त ऑइल ओतलं आणि बिल महागाच्या ऑइलचं लावलं. त्या ऑइलमुळे आवाज सुरू झाला, तर त्यावर इलाज म्हणून आख्खं डिफरन्शियल खोलून नवं करायचं १,८०० पौंडांचं एस्टिमेट माझ्या हातात ठेवलं. ऑइलमध्ये मारलेले पैसे म्हणजे किरकोळ. खरी लूट त्या एस्टिमेटमध्ये होती.

गाडी ई४६ पिढीतली, म्हणजे २००० ते २००६ या काळात बनलेल्यांपैकी. ३.२ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, युरोपातल्या गाडीत ३४३ अश्वशक्ती. ही सगळी ताकद मागच्या दोन चाकांत वाटून देण्याचं काम डिफरन्शियलचं. वळणावर बाहेरचं चाक जास्त अंतर कापतं, आतलं कमी. साधं डिफरन्शियल तेवढा फरक सांभाळतं आणि थांबतं. पण एक चाक ओल्या रस्त्यावर नुसतंच गरगरायला लागलं तर साध्या डिफरन्शियलमध्ये ताकद तिकडेच वाया जाते. म्हणून एम थ्रीत चकत्यांचा एक क्लच बसवलेला असतो. दोन चाकांच्या वेगात फरक पडला की आतला एक सीलबंद सिलिकॉन द्रवाचा पंप त्या चकत्या एकमेकींवर दाबतो आणि दोन्ही चाकं बऱ्याच अंशी बांधली जातात.

आता या चकत्या बुडालेल्या असतात डिफरन्शियलच्याच ऑइलमध्ये. त्या ऑइलला दोन अगदी वेगळी कामं करावी लागतात. क्राऊन आणि पिनियन या आतल्या दोन मुख्य गियरांचे दाते एकमेकांवर प्रचंड दाबाखाली घासतात, तिथे गंधक-फॉस्फरसची रसायनं हवीत. गियर ऑइलला जो कुजकट वास येतो तो त्या गंधकाचा. डब्यावर जीएल-५ लिहिलेलं असतं ते याच कामासाठी. दुसरीकडे चकत्यांनी हळू वळताना अलगद घसरायला हवं, एकदम धरायचं आणि एकदम सोडायचं असं करायचं नाही. त्यासाठी घर्षण सौम्य करणारं वेगळं द्रव्य लागतं, फ्रिक्शन मॉडिफायर. ते नसेल तर पार्किंगमधून पूर्ण स्टिअरिंग कापून निघताना मागून घर्रर्र, मग खट्, मग पुन्हा घर्रर्र. जीएल-५ छापलेल्या प्रत्येक डब्यात हे द्रव्य असतंच असं नाही, आणि अर्धी फसवणूक या एका ओळीत मावते.

ई४६ एम थ्रीला ठरलेलं ऑइल म्हणजे कॅस्ट्रॉलचं एसएएफ-एक्सजे, ग्रेड ७५डब्ल्यू-१४०. यातला शेवटचा आकडा जितका मोठा, तितकं ऑइल तापल्यावर जाड. तेच पुढे सिंट्रॅक्स लिमिटेड स्लिप या नावानं मिळू लागलं. डिफरन्शियलला लागतं लिटरभरापेक्षा थोडंसं जास्त. मी काम देताना हे सगळं ईमेलमध्ये लिहून दिलं होतं, ग्रेडसकट, आणि त्यांचं 'नो प्रॉब्लेम' असं उत्तरही आलं होतं. पुढे सगळ्यात उपयोगी पडली ती ही ईमेल.

गॅरेज छोटं, खाजगी, पण दिसायला झकपक. काउंटरवर कॉफीचं मशीन, भिंतीवर रेसिंगचे फोटो. मालक गोडबोल्या, एम गाड्यांबद्दल तासभर बोलेल असा. पावतीवर स्वच्छ छापलेलं: ७५डब्ल्यू-१४० एलएसडी (म्हणजे लिमिटेड स्लिप डिफरन्शियलचं) ऑइल, दोन लिटर, अधिक अ‍ॅडिटिव्ह, अधिक मजुरी, अधिक व्हॅट. दोन बाटल्या फोडल्या तर दुसरीतलं बरंचसं उरायला हवं. ते मागितलं, तर म्हणे कचऱ्यात गेलं. इथेच पाणी मुरत होतं.

थोड्याच दिवसांत सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये घरघर सुरू झाली. सरळ रस्त्यावर काही नाही, वेगात काही नाही, फक्त हळू आणि घट्ट वळणावर. ऑइल बदलण्याआधी हा आवाज नव्हता. गाडी परत नेली. मालकानं स्वतः एक चक्कर मारली, चेहरा पाडून उतरला आणि म्हणाला, चकत्या संपल्यात, या मॉडेलचा हा नेहमीचा रोग, अशीच चालवलीत तर पिनियनही जाईल. एस्टिमेट त्यानं तिथल्या तिथे काढलं. इतक्या तयारीनं, की छापून ठेवलेलंच असावं.

माझा आतेभाऊ पुण्यात गॅरेज चालवतो. त्याच्याकडे येतात ट्रक, टेम्पो आणि जुन्या जीपा. एम थ्री त्यानं फोटोतच पाहिली असेल. त्याला फोन लावून आवाज ऐकवला.

"दादा, डिफरन्शियल गेलं म्हणतोय हा."

"गेलेलं डिफरन्शियल सरळ रस्त्यावर रडतं रे. स्पीडबरोबर सूर चढतो. हे वळतानाच होतंय ना? प्लेटा धरतायत. आधी सांग, ऑइल कुठलं ओतलंय?"

"एकशे चाळीस. पावतीवर तसं आहे."

"पावती गाडीत घालतात का? नव्वद नंबर ओतलं असणार त्यानं, पिंपातलं. एक पैसा देऊ नकोस. ऑइल काढून बघ आधी."

पिंप! आणि मला आठवलं, त्या गॅरेजच्या कोपऱ्यात हातपंप लावलेलं एक निळं पिंप होतं, कडेला चिकट ओघळ आणि त्यावर बसलेली धूळ. मार्करनं मोठ्या अक्षरांत ८०डब्ल्यू-९० लिहिलेलं. येईल त्या गाडीला त्यातलंच.

दुसऱ्या, लांबच्या एका गॅरेजमध्ये माझ्यासमोर ऑइल काढलं. तिथल्या मेकॅनिकनं आधी वरचं, भरायचं बूच सैल करून पाहिलं आणि मगच खालचं उघडलं. हा क्रम बघून ठेवा. खालून सगळं ऑइल सांडून दिलं आणि वरचं बूच गंजून अडकलेलं निघालं, तर गाडी जागची हलवता येत नाही. निघालेलं ऑइल नवंच, मधाच्या रंगाचं होतं. खालच्या बुचाच्या लोहचुंबकावर नेहमीचा काळा, बारीक लोण्यासारखा थर होता. धातूचा एकही तुकडा नाही, कपची नाही. चकत्या आणि दाते संपलेल्या डिफरन्शियलचं पोट असं दिसत नाही.

नमुना स्वच्छ बाटलीत भरून वापरलेलं ऑइल तपासणाऱ्या प्रयोगशाळेकडे टपालानं पाठवला. असं किट कोणीही मागवू शकतं, खर्चही मामुली. मी फक्त चिकटपणा मोजायला सांगितला. एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या मानकानुसार १०० अंश सेल्सिअसला ९० ग्रेडचं ऑइल १३.५ ते १८.५ सेंटिस्टोकमध्ये (हे चिकटपणाचं माप) बसतं. १४० ग्रेडला किमान २४ लागतात. माझ्या नमुन्याचा आकडा सोळाच्याही खाली आला. पुढे वाद घालायला काही उरलंच नाही, पण चोर तो चोर वर शिरजोर. मालकाचा पहिला बचाव: तुम्ही ट्रॅकवर पळवली असेल, ऑइल पातळ झालं. (ट्रॅक! मुलीला पोहायच्या क्लासला सोडतो मी त्या गाडीतून.) काही आठवड्यांच्या शहरातल्या चालवण्यानं १४० चं ९० होत नाही. दुसरा बचाव: कंपनीनं ऑइलचं नाव बदललंय, हे तेच आहे. नाव बदललं हे खरं, ग्रेड बदललेला नाही.

त्या दुसऱ्या गॅरेजमध्ये योग्य ऑइल भरून घेतलं. मग रिकाम्या मैदानात इंग्रजी आठच्या आकारात गाडी हळूहळू फिरवली, म्हणजे नवं ऑइल चकत्यांमध्ये शिरतं. घरघर आधी अर्ध्यावर आली, मग गेली. १,८०० पौंडांचा रोग एवढाच होता.

आता पैशांचं. इथे २०१५ चा कन्झ्युमर राइट्स अ‍ॅक्ट आहे. काम वाजवी काळजीनं आणि कौशल्यानं झालं पाहिजे, नाहीतर ते पुन्हा करून मागायचा किंवा पैसे कमी करून घ्यायचा हक्क आपला. त्यांच्याकडून पुन्हा करून घ्यायचा प्रश्नच नव्हता. ते पिंप मी पाहिलं होतं. बिल क्रेडिट कार्डावर भरलं होतं आणि कामाची किंमत १०० पौंडांच्या वर होती, म्हणून १९७४ च्या कन्झ्युमर क्रेडिट अ‍ॅक्टचं कलम ७५ लागू पडत होतं. त्यात गॅरेजइतकीच कार्ड देणारी बँकही जबाबदार धरता येते. गॅरेजला लेखी पत्र धाडलं: ईमेल, पावती, प्रयोगशाळेचा अहवाल, दुसऱ्या गॅरेजची नोंद, आणि मुदतीत पैसे आले नाहीत तर बँकेकडे आणि स्मॉल क्लेम्सला, म्हणजे छोट्या दाव्यांच्या कोर्टात, जाईन ही ओळ. इंग्लंड-वेल्समध्ये १०,००० पौंडांपर्यंतचे दावे साधारण तिथेच चालतात, वकील लागत नाही. शिव्या, धमक्या, इंटरनेटवर बदनामी, यातलं पत्रात काही नको. आकडे पुरतात.

रोखीनं पैसे दिले असते तर बँकेचं दार बंदच होतं. 'कॅश दिलीत तर व्हॅट सोडतो' असं कुणी म्हणालं की कोण कुणाला वाचवतंय ते बघा.

सगळ्या गाड्यांना हाच नियम लावू नका, नाहीतर उलट्या बाजूनं फसाल. टोयोटा जीटी८६ मध्ये टॉर्सेन पद्धतीचं डिफरन्शियल येतं. ते दात्यांवर चालतं, त्यात चकत्यांचा असा क्लच नसतो, तेव्हा त्यात फ्रिक्शन मॉडिफायर घातल्याचं बिल कुणी लावलं तर विचारा कशासाठी. गाडीच्या मॅन्युअलमध्ये ग्रेड असतो, तो पाहा आणि लेखी द्या. शिवाय ऑइल शक्यतो स्वतः विकत घेऊन सीलबंद बाटल्या काउंटरवर ठेवा आणि उरलेली बाटली घरी घेऊन या. मेकॅनिक यावर नाराज झाला तर तिथेच गाडीची किल्ली परत मागा.

गॅरेजनं ऑइल आणि मजुरीचे पैसे कार्डावर परत केले, प्रयोगशाळेचा खर्चही दिला, पण चूक झाली असं एका शब्दानं लिहिलं नाही. दुसऱ्या गॅरेजमधला खर्च माझ्या खिशातून गेला. तक्रार सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेच्या ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवली आहे. तिथून ती ट्रेडिंग स्टँडर्ड्सकडे, म्हणजे व्यापारातल्या फसवणुकीवर नजर ठेवणाऱ्या सरकारी खात्याकडे जाते.