बर्फाची भीती दाखवून उकळलेले पैसे

कॅनडात ट्रक चालवायला पाठवतो असं सांगून आपल्याकडच्या ड्रायव्हरांना लुबाडणारी माणसं सध्या मुंबई-गोवा हायवेवर फिरत आहेत. माझे ५,३५,००० रुपये त्यांनी घेतले. संगमेश्वर, लांजा, राजापूर इकडची आणखी पोरं त्यांच्या ऑफिसात बसलेली मी पाहिली आहेत, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

मी जेएनपीटीहून मंगळूरपर्यंत कंटेनर नेतो. घर संगमेश्वर तालुक्यात. कशेडी, भोस्ते, परशुराम हे घाट भर पावसात, धुक्यात, दरड कोसळलेली असताना उतरवलेले आहेत. पण गणपतीत अवजड गाड्यांना बंदी लागली की गाडी उभी, आणि उभ्या गाडीला भत्ता मिळत नाही. पोरं मोठी होत होती. बाहेर जावं असं वाटण्यात काही गैर नव्हतं.

हातखंब्याच्या तिठ्यावर जेवायला थांबलो असताना एकाने हातात कार्ड दिलं. ऑफिस पनवेलजवळ. तिथला साहेब फार गोड बोलायचा. "दादा, घाट तुम्हाला शिकवायची गरज नाही. फक्त बर्फ शिकायचा, तो आम्ही शिकवतो." सगळी फसवणूक या एका वाक्यावर उभी होती. आपल्याला उतारावर गिअर धरणं माहीत असतं, एअर प्रेशर बघणं माहीत असतं. बर्फ मात्र आपल्यापैकी कुणी पाहिलेला नसतो. त्यामुळे बर्फाच्या नावाने जे मागतील ते खरंच लागत असणार असं वाटतं.

पैसे त्याने एकदम मागितले नाहीत. फाइल उघडायचे ३५,०००. मग एलएमआयए नावाच्या तिकडच्या सरकारी मंजुरीचे २,५०,०००. मग हिवाळी ड्रायव्हिंगच्या ट्रेनिंगचे ६०,०००. जाड जॅकेट, बूट आणि चाकाच्या साखळ्या यांचे ४५,०००. आंतरराष्ट्रीय लायसनचे २५,०००. शेवटी, कुटुंब न्यायचं म्हणून कॅनडातल्या रिजायना शहरात भाड्याच्या घराची अनामत १,२०,०००. बायकोने दागिने पतसंस्थेत ठेवले. घरामागची हापूसची कलमं कराराने व्यापाऱ्याला देऊन आगाऊ रक्कम उचलली. मुलीचा शाळेचा दाखलाही काढून आणला, कारण ऑफिसातून सांगितलं होतं की तिकडच्या शाळेत नाव घालायला तो आधी पाठवावा लागतो.

ट्रेनिंग एका गोडाऊनमध्ये झालं. पडद्यावर व्हिडिओ, आणि जुन्या डंपरच्या चाकाला साखळी बांधून दाखवली. तिथे सांगितलेल्या बऱ्याच गोष्टी खऱ्या निघाल्या, हे मुद्दाम सांगतो. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या डोंगरी रस्त्यांवर १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल अवजड गाडीत साखळ्या ठेवाव्या लागतात. डांबरावर पारदर्शक बर्फाचा पापुद्रा बसतो, रस्ता नुसता ओला दिसतो आणि ब्रेक लावला की गाडी आडवी होते. हे सगळं खरं आहे. म्हणूनच बाकीचंही खरं वाटत गेलं.

नोकरीचं पत्र आलं त्यात लिहिलं होतं: जुलैत हजर व्हायचं आणि लगेच कॅनडातल्या यलोनाइफ शहराच्या उत्तरेला गोठलेल्या तळ्यांवरच्या रस्त्याने हिऱ्यांच्या खाणींना माल पोचवायचा. तो रस्ता खराच आहे, टिबिट ते कॉन्टवॉयटो नावाचा. पण तो दर हिवाळ्यात नव्याने तयार करतात आणि साधारण फेब्रुवारी-मार्च एवढाच चालतो. बर्फाची जाडी मोजून वजन ठरवतात. भरलेल्या गाडीने ताशी २५ किलोमीटरच्या वर जायचं नाही, कारण वेगाने गेलं तर खालच्या पाण्यात लाट उठते आणि बर्फ फुटतो. जुलैत तिथे रस्ताच नसतो, नुसतं पाणी असतं. पत्र लिहिणाऱ्याला एवढंही ठाऊक नव्हतं.

हे मला समजलं ते उरणच्या पार्किंगमध्ये. तिथे भेटलेल्या एका पंजाबी ड्रायव्हरचा भाऊ कॅनडात ब्रॅम्प्टनला ट्रक चालवतो. पत्र बघून त्या ड्रायव्हरने पहिला प्रश्न केला, "पाजी, लायसन कुठलं?" मी आरटीओचं आंतरराष्ट्रीय परमिट दाखवलं. ते आरटीओत १,००० रुपयांत मिळतं, एक वर्ष चालतं, आणि त्यावर तिकडे ट्रेलर चालवायची नोकरी करता येत नाही. आपलं हेवी लायसन दाखवून तिकडचं ट्रेलरचं लायसन बदलून मिळत नाही. तिथे जाऊन परीक्षा द्यावी लागते. तिथल्या ओंटारिओ प्रांतात २०१७ पासून त्याआधी किमान १०३.५ तासांचं प्रशिक्षण सक्तीचं आहे. सस्कॅचवान प्रांतात ६ एप्रिल २०१८ ला एका नवख्या ड्रायव्हरचा ट्रक हॉकी खेळाडूंच्या बसच्या वाटेत आला आणि १६ जणं गेली. त्यानंतर २०१९ पासून तिथेही १२१.५ तास सक्तीचे झाले. गोडाऊनमधलं सर्टिफिकेट तिथे कुणी हातातही घेणार नाही.

एलएमआयएचं तर नीट समजून घ्या, कारण सर्वात मोठी रक्कम याच नावाने जाते. तिकडच्या मालकाला बाहेरचा कामगार आणायचा असेल तर त्याला आधी तिथल्या सरकारची मंजुरी घ्यावी लागते, ती म्हणजे एलएमआयए. तिची फी दर जागेमागे १,००० कॅनेडियन डॉलर, आणि ती मालकानेच भरायची. कामगाराकडून ती वसूल करणं तिथे बेकायदा आहे. तुमच्याकडून कुणी एलएमआयएचे पैसे मागितले की तिथेच उठा. वर्क परमिटच्या अर्जाचे १५५ डॉलर आणि बोटांच्या ठशांचे ८५ डॉलर, एवढी सरकारी फी आपल्याला असते, आणि ती कॅनडा सरकारच्या वेबसाइटवर थेट भरता येते.

इथल्या एजंटाचंही तसंच. परदेशात नोकरीला माणसं पाठवायची तर १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी लागते. नोंदणीकृत एजंटांची यादी ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर नावानिशी दिसते. नोंदणीकृत एजंटालाही सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाही. आमच्या साहेबाच्या भिंतीवर फ्रेममध्ये लावलेला कागद नगरपालिकेचा दुकान-नोंदणीचा होता. पोर्टलवर त्याचं नाव कुठेच नाही.

त्या पंजाबी ड्रायव्हरने सांगितलेलं मी ऑफिसात जाऊन विचारलं, तेव्हा गोड बोलणं संपलं. "फाइल रद्द केलीत तर पैसे बुडतील," असं धमकावलं. पासपोर्ट त्यांच्याकडेच होता, तोही देईनात. मी पोलीस ठाण्यात गेलो. भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ आणि उत्प्रवास कायदा, दोन्हींखाली तक्रार दिली. पासपोर्ट पोलिसांमार्फत परत मिळाला. पैशांचं प्रकरण चालू आहे. मुलीला जुन्या शाळेने परत घेतलं, त्या मुख्याध्यापकबाईंचे उपकार विसरणार नाही.

ज्यांचे पैसे नुकतेच ऑनलाइन गेले असतील त्यांनी आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी ती रक्कम बँकेत अडवली जाण्याची शक्यता जास्त. रोखीने दिले असतील तर पावती, व्हॉट्सॲपवरचे आवाजी निरोप, कार्ड, खोटं पत्र यातलं काही पुसू नका. माझ्या तक्रारीला त्या आवाजी निरोपांचाच आधार मिळाला. आणि पासपोर्ट कुणाच्या ऑफिसात अडकला असेल तर थांबू नका. कुठल्याही एजंटाला तो दाबून ठेवायचा अधिकार नाही. लेखी तक्रार द्या आणि तिची पोच घ्या.